जुनी ईव्ही बॅटरी घरी ठेवायची आहे? सांगली-साताऱ्याकडून नेहमी येणारे प्रश्न

छतावर सोलर बसवलं तरी लाईट गेली की घरात अंधारच, हे पहिल्या पावसाळ्यात बहुतेकांच्या लक्षात येतं. महावितरणचा पुरवठा बंद पडला की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर स्वतःही बंद होतो. नाहीतर सोलरची वीज उलटी तारेत जाईल, म्हणून खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवासाठी ते तसंच असावं लागतं. मग कुणीतरी सुचवतं, इलेक्ट्रिक स्कूटरची जुनी लिथियम बॅटरी स्वस्तात मिळतेय, ती लावू. मिळतेही. ती ठेवायची कुठे, हा प्रश्न मात्र पैसे देऊन झाल्यावर पडतो. जमलं तर हे सगळं पैसे देण्याआधी वाचा.

मुळात गाडीची जुनी बॅटरी घरी ठेवावी का?

ठेवता येते, पण दोन गोष्टी असतील तरच. ती कुठल्या गाडीतून आणि का निघाली हे सांगणारा माणूस हवा, आणि झोपायच्या खोल्यांपासून वेगळी, भिंतीपलीकडची जागा हवी. यातली एक जरी नसेल तर नवी घरगुती लिथियम बॅटरी घ्या, नाहीतर सरळ ट्युब्युलर, म्हणजे इन्व्हर्टरची नेहमीची लेड-ॲसिड बॅटरी घ्या. नव्या बॅटरीची परीक्षा कारखान्यात होऊन गेलेली असते. जुनीची तुमच्या घरात होते.

गाडीला चालेनाशी झाली ती घराला कशी चालेल?

गाडीची बॅटरी मूळ क्षमतेच्या ७०-८० टक्क्यांवर आली की एका चार्जमध्ये पल्ला कमी पडू लागतो, चढाला दम लागतो आणि मालक ती बदलतो. घराची मागणी त्या मानाने फार सौम्य असते. समजा ५१.२ व्होल्ट, ३० अँपिअर-तासांचा पॅक, म्हणजे अनेक सेल जोडून केलेली बॅटरी आहे. नवा असताना त्यात साधारण दीड युनिट वीज मावायची. आता ७५ टक्के धरा, त्यातलेही ८० टक्केच वापरा आणि इन्व्हर्टरमध्ये जाणारी घट वजा करा. हाती पाऊण युनिटाच्या जरा वर उरतं. दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, चार एलईडी दिवे आणि वायफायचा राउटर मिळून शंभर वॅटच्या आसपास ओढतात, म्हणजे सात तास आरामात निघाले. मिक्सर, पाण्याची मोटर, इस्त्री यांचं नाव काढू नका.

आत कुठल्या जातीचे सेल आहेत हे कसं कळणार?

आपल्याकडच्या गाड्यांत मुख्यतः दोन जाती सापडतात. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, आणि एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्ट. पॅकच्या लेबलवर बहुधा लिहिलेलं असतं. लेबल फाडलेलं असेल तर तो पॅक तिथेच ठेवून घरी या. ते उगाच फाडलेलं नसतं.

व्होल्टवरूनही ताळा बसतो. एलएफपीचा एक सेल ३.२ व्होल्टचा धरतात, पूर्ण भरला की ३.६५ आणि खालची मर्यादा २.५. एनएमसीचा ३.६ किंवा ३.७, पूर्ण भरल्यावर ४.२ आणि ३ च्या खाली जाऊ देऊ नये. म्हणून ५१.२ व्होल्ट छापलेलं दिसलं तर ते १६ एलएफपी सेल, ५०.४ दिसलं तर १४ एनएमसी. दोघांनाही बाजारात ‘४८ व्होल्ट’च म्हणतात आणि घोटाळा तिथेच होतो, कारण दोघांची चार्जिंगची मर्यादा वेगळी.

विकणारा म्हणतो, एलएफपी आहे, पेटतच नाही. खरं का?

अर्धं खरं. एलएफपी बिघडायला जास्त तापमान लागतं आणि बिघडली तरी ती एनएमसीपेक्षा कमी उष्णता सोडते. घरासाठी दोन्हींतून निवडायची वेळ आली तर एलएफपीच निवडा. पण सेल आतून तापत गेला की त्यातून वायू बाहेर पडतो. त्यात हायड्रोजन असतो, कार्बन मोनॉक्साइड असतो आणि हायड्रोजन फ्लोराइडसारखा फुप्फुसं जाळणारा वायूही असतो. बंद खोलीत हा वायू कोंडला आणि कुठे ठिणगी पडली तर स्फोट होतो. ज्वाळा न दिसलेली एलएफपी म्हणून जास्त फसवी. ‘पेटत नाही’ या भरवशावर ती बेडरूमच्या कपाटात गेली की सगळा फायदा संपला.

घेताना काय बघावं?

आधी विचारपूस. गाडीला अपघात झाला होता का, गाडी पाण्यात बुडाली होती का, बॅटरी किती महिने नुसती पडून होती? २०१९ किंवा २०२१ चा पूर पाहिलेल्या गाडीची बॅटरी कुणी फुकट दिली तरी नको.

मग मल्टिमीटर घ्या. पॅकचे एकूण व्होल्ट सगळेच मोजतात, त्यावरून फारसं काही कळत नाही. बीएमएस म्हणजे सेलांची राखण करणारं सर्किट. त्याच्या बॅलन्स वायरींच्या कनेक्टरवर एकेका सेलचे व्होल्ट मोजायला लावा, जाणकाराच्या हातून. विश्रांतीत असलेल्या चांगल्या पॅकमध्ये सगळे सेल एकमेकांच्या अगदी जवळ असतात. पंधरा सेल ३.३१ आणि एकच २.९ दाखवत असेल तर तो एक सेलच पुढे पॅकचा निकाल लावणार. पॅक भरून दोन आठवडे तसाच ठेवून पुन्हा मोजता आला तर फारच उत्तम, कारण स्वतःच उतरत जाणारा सेल अशानेच पकडता येतो. विकणारा दोन आठवडे थांबायला तयार नसेल तर तेही एक उत्तरच समजा.

एखादा सेल दोन व्होल्टच्याही खाली जाऊन बराच काळ राहिला असेल तर आतलं तांबं विरघळतं, आणि पुन्हा चार्ज करताना नको तिथे जमून आतल्या आत शॉर्ट करू शकतं. ‘मेली होती, झटका देऊन उठवली’ असं कौतुकाने सांगणारे भेटतात. अशी उठवलेली बॅटरी घरात आणू नका.

पॅक सपाट शहाबादी फरशीवर ठेवून बघा. डुगडुगला तर पोटातून फुगलाय. निळ्या प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळलेले सुटे सेल, वरून चिकटपट्टी, निकेलच्या पट्ट्यांवर हाताने डाग दिलेले, असा माल असेल तर हात जोडून निघा.

उत्पादनाची तारीखही पाहा. २०२२ च्या उन्हाळ्यात स्कूटरना लागलेल्या आगींनंतर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षेचं एआयएस-१५६ हे मानक कडक केलं आणि ते १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालं. एका सेलची आग पॅकबाहेर पसरू नये याची चाचणी आणि साचलेला दाब मोकळा करणारा व्हॉल्व्ह या गोष्टी त्यात आल्या. त्याआधीच्या पॅकमध्ये त्या असतीलच असं नाही, आणि सध्या भंगाराच्या वाटेवर निघालेले बरेचसे पॅक त्याआधीचेच आहेत.

घरात नेमकी जागा कुठली?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त वेळा चुकीचं उत्तर घेऊन आलेलाही हाच. ‘जिन्याखाली जागा आहे आमच्याकडे.’ जिन्याखालची जागा सगळ्यांकडेच असते. इन्व्हर्टर तिथे, चपला तिथे, रद्दी तिथे आणि वर झोपलेल्या माणसांचा उतरायचा रस्ताही तोच. तिथे धूर झाला की वरचा मजला अडकला. लिथियमची बॅटरी जिन्याखाली, दारालगत किंवा बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर कधीच ठेवू नका. हा एक नियम पाळलात आणि बाकीचे विसरलात तरी चालेल असं मी म्हणणार नाही, पण हा पहिला.

माळा नको. तिथे ऊन तापतं, कुणाचं लक्ष जात नाही आणि खाली माणसं झोपतात. स्वयंपाकघर नको, सिलेंडर आहे. देवघराच्या शेजारी नको, समई आणि उदबत्ती आहे. पाहुण्यांना दाखवायला हॉलमध्ये ठेवणारेही आहेत, त्यांना काय सांगायचं!

चांगली जागा म्हणजे घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून, विटांची किंवा काँक्रीटची भिंत मध्ये असलेली, वर छप्पर, खाली सिमेंटचा कट्टा आणि दोन बाजू हवेला मोकळ्या. पडवीचं टोक, मागचं परडं, गाडी लावायच्या शेडचा उघडा कोपरा. दारं-खिडक्यांपासून लांब हवी. अमेरिकेतलं एनएफपीए ८५५ हे मानक घराबाहेर बसवलेल्या बॅटरीला दारं-खिडक्यांपासून निदान तीन फूट अंतर सांगतं आणि झोपायच्या खोलीत ती ठेवूच देत नाही. ते प्रमाणित बॅटरीसाठी आहे. आपल्या जुन्या पॅकला तीन फूट कमीच धरा, सहा-सात मिळाले तर घ्या. खिडकीच्या बरोबर खाली तर नकोच, कारण वायू आणि धूर सरळ वर जाऊन खोलीत शिरतो.

सांगलीच्या गावभागात किंवा साताऱ्याच्या पेठांत लाकडी तुळया-खांबांचे जुने वाडे अजून आहेत. अशा वाड्याच्या सोप्यात लिथियम पॅक ठेवू नये. अंगणात, लाकडापासून दूर, स्वतंत्र कट्टा बांधता येत नसेल तर वाड्याला ट्युब्युलरच बरी.

कट्ट्यावर पत्र्याची पेटी ठेवली तर वरच्या बाजूला भोकं ठेवा. हवाबंद पेटी ही सगळ्यात वाईट कल्पना, वायू कोंडून पेटीच फुटते. भोकांना बारीक जाळी हवी. आपल्याकडे उंदीर वायरींचं आवरण कुरतडतात आणि पाल उबेला येऊन बसते. दोन उघड्या टर्मिनलांमध्ये पाल आडवी झाली की पाल जाते आणि टर्मिनलवर काळा डाग उरतो. टर्मिनलांना रबरी टोप्या घाला. तांब्याच्या पट्ट्या उघड्या ठेवणं हा आळस आहे, दुसरं काही नाही.

फ्लॅटमध्ये राहतो. बाल्कनीत ठेवू का?

नको. तुमच्या बाल्कनीवर दुसऱ्याची बाल्कनी आहे. सोसायटीने तळमजल्यावर, जिन्यापासून आणि मीटर-रूमपासून दूर, मोकळी जागा लेखी दिली तर विचार करा. विम्याच्या कंपनीलाही आधी लेखी विचारून घ्या.

शेतातल्या शेडमध्ये चालेल का? तिथे जागा भरपूर आहे.

जागा आहे, पण आत काय काय आहे ते आधी बघा. तासगाव, कवठेमहांकाळ, पलूस भागात द्राक्षबागायतदाराच्या शेडमध्ये गंधकाची भुकटी, कॅल्शियम नायट्रेट, फवारणीची औषधं आणि डिझेलचा कॅन एकाच भिंतीला लावून ठेवलेले असतात. गंधक पेटतं आणि त्याचा धूर जीवघेणा. नायट्रेट स्वतः जळत नाही, पण लागलेल्या आगीला ऑक्सिजन पुरवतं. त्यात लिथियम पॅक नेऊन ठेवणं म्हणजे उरलेली कसर भरून काढणं. बेदाण्याच्या शेडचं वेगळंच. तिथे रंगासाठी गंधकाची धुरी देतात आणि तो वायू तांब्याची टर्मिनलं, लग (वायरीच्या टोकाची कडी), बीएमएसची पाटी सगळं खातो. जोड गंजला की तिथला रोध वाढतो, रोध वाढला की जोड तापतो. दुरून पाहिलं तर बॅटरी ठणठणीत आणि लग हिरवा पडलेला.

गोठ्यात कडब्याची गंजी, उसाच्या फडाकडे पाचट. दोन्हींपासून लांब. शेतात ठेवायचीच असेल तर बोअरच्या स्टार्टरसाठी बांधतो तसं छोटं विटांचं घरटं वेगळं बांधा, आजूबाजूचं गवत काढा आणि वर पत्र्याऐवजी फरशी टाका.

उन्हाळ्यात ४० अंशांच्या वर जातं. काही होतं का?

लगेच नाही. एप्रिल-मेच्या उन्हाने चांगली बॅटरी पेटत नाही. सेलच्या आतला पडदा वितळायला १३० अंशांच्या आसपास तापमान लागतं. पण आयुष्य झपाट्याने कमी होतं. ढोबळमानाने तापमान दहा अंशांनी वाढलं की नुसत्या पडून असलेल्या बॅटरीचा ऱ्हास दुपटीच्या घरात जातो. पत्र्याखालची हवा बाहेरच्यापेक्षा बरीच तापते, आणि त्यातच दुपारी सोलरवर चार्जिंग चालू असतं. उत्तरेकडच्या किंवा पूर्वेकडच्या भिंतीची सावली शोधा. पश्चिमेची भिंत टाळा.

महाबळेश्वर-पाचगणीकडचे लोक थंडीचं विचारतात. शून्य अंशाच्या खाली लिथियम बॅटरी चार्ज करू नये, वापरली तर चालते. वेण्णा तलावाकाठी दंव गोठल्याच्या बातम्या येतात त्या पहाटे चार्जर बंद ठेवा, एवढंच. तिकडचा खरा शत्रू पावसाळ्यातली दमट हवा. जावळी, पाटण, महाबळेश्वर भागात चार महिने काहीच कोरडं राहत नाही, म्हणून टर्मिनलांना पेट्रोलियम जेली आणि पेटीला उतरतं छप्पर.

आमच्याकडे पुराचं पाणी येतं. मग खाली ठेवायची की वर?

सांगलीकरांचा हा खास प्रश्न, आणि दोन्ही उत्तरं अडचणीची. खाली ठेवली तर पाण्यात जाते, वर नेली तर डोक्यावर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांपर्यंत गेली, पाठोपाठ जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड, शामरावनगर, तिकडे कराडात नदीकाठचे भाग, इथल्या लोकांनी एकच धोरण ठेवावं: हलवता येईल एवढीच बॅटरी घ्यायची. एका माणसाला उचलेल असा पॅक, हाताने सुटणारा कनेक्टर, आणि पाणी यायच्या आत गाडीत घालून पाहुण्यांच्या अंगणात. भिंतीत खिळलेली मोठी बॅटरी पूरभागात नकोच.

कधी हलवायची? आयर्विनला इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की ४० ची वाट न बघता काढा. ४५ ला घरातली माणसं, कागदपत्रं आणि जनावरं हलवायची असतात, बॅटरीकडे बघायला कुणाला वेळ नसतो.

आणि बुडालीच तर? पाणी ओसरल्यावर ती वाळवून पुन्हा लावायची नाही. गाळाचं पाणी आत शिरलेला पॅक आठवड्यानेसुद्धा तापू शकतो. जोडणी आधीच सुटलेली असेल, पॅक थंड असेल आणि कसलाही आवाज-वास नसेल तरच रबरी हातमोजे घालून तो घरापासून निदान पन्नास फूट लांब, मोकळ्यावर नेऊन ठेवा. शंका असेल तर हात लावू नका. पाण्यात उभं राहून वायर सोडवणं हा तर आत्मघात.

वापरात नसताना किती चार्ज ठेवायची?

निम्म्याच्या खाली, ३० ते ५० टक्के. पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते आणि काही बिघडलं तर तिच्यात जाळायला ऊर्जाही जास्त असते. पूर्ण रिकामी ठेवली तर बीएमएस स्वतः थोडं थोडं पीत राहतो आणि सेल मर्यादेखाली जातात. एनएमसीत सेलमागे ३.७ व्होल्ट पाहिलं की काम झालं. एलएफपीत मात्र व्होल्टवरून अंदाज बांधता येत नाही, २० टक्क्यांना आणि ७० टक्क्यांना आकडा जवळजवळ तोच दिसतो. तिथे एकदा पूर्ण भरून, किती युनिट काढले याचा हिशेब ठेवा किंवा मोबाईलवर दाखवणारा बीएमएस लावा. दर तीन महिन्यांनी सेलचे व्होल्ट मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवरच लिहून ठेवा. वहीत लिहिलेलं सापडत नाही.

घरातला जुना इन्व्हर्टर आहे, त्यालाच जोडली तर?

गणित करून बघा. साध्या १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरचा चार्जर ट्युब्युलरसाठी १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. कुणी तीन एनएमसी सेलांचा ‘१२ व्होल्ट’चा पॅक लावला तर एकेका सेलला ४.८ व्होल्ट बसतात, मर्यादा ४.२ ची. मध्ये फक्त बीएमएस उभा असतो, तोही जुना. तो चिकटला की पुढचं सांगायला नको. चार एलएफपी सेलांचा पॅक १४.६ पर्यंत सोसतो, पण त्यालाही इन्व्हर्टरचा इक्वलायझेशन मोड (मधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्ट देणारा) चालत नाही, आणि दिवसरात्र पूर्ण भरलेला राहणं सोसत नाही. इन्व्हर्टरवर लिथियमचं वेगळं सेटिंग हवं, मर्यादा हाताने लावता यायला हवी. १६ सेलांच्या एलएफपीला मी ५५-५६ व्होल्टच्या वर जाऊ देत नाही. थोडा बॅकअप जातो, जाऊ दे.

गाडीचा पॅक इन्व्हर्टरला करंटच देत नाही. मिस्त्री म्हणतो बीएमएस बायपास करू.

त्या मिस्त्रीला चहा पाजून निरोप द्या. बऱ्याच गाड्यांत बीएमएस गाडीच्या कंट्रोलरकडून संदेश आल्याशिवाय बॅटरीचा दरवाजा उघडत नाही. तो बिघडलेला नसतो, त्याला गाडी सापडत नसते. बायपास केलं की पंखे फिरतात, सगळे खूश होतात, आणि जास्त चार्ज, जास्त डिस्चार्ज, जास्त तापमान यांपासूनचं संरक्षण त्या दिवसापासून शून्य. योग्य मार्ग म्हणजे त्या सेलांना साजेसा नवा बीएमएस, सेलवर चिकटवलेले तापमानाचे सेन्सर आणि ते बसवणारा नोंदणीकृत माणूस.

एमसीबी लावलाय, मग फ्यूज कशाला?

तुमचा एमसीबी एसीचा, म्हणजे घरातल्या नेहमीच्या उलटसुलट प्रवाहाचा असेल तर तो इथे शोभेपुरता. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे तुटताना उठलेली ठिणगी आपोआप विझते. डीसीत, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेच्या प्रवाहात, तो शून्यावर येतच नाही. ठिणगी जळत राहते आणि एमसीबीच पेटतो. डीसीसाठीचा, पॅकच्या व्होल्टपेक्षा वरच्या क्षमतेचा फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलजवळ, वीतभर अंतराच्या आत. किटकॅटमध्ये तार गुंडाळणाऱ्यांसाठी वेगळं उत्तर नाही.

कारचा अख्खा पॅक स्वस्तात मिळतोय.

घेऊ नका. कारचा पॅक बहुधा ३०० व्होल्टच्या वर असतो. ६० व्होल्टच्या वरची डीसी धोकादायक धरतात, आणि ३०० ला हात चिकटला तर मेन स्विच बंद करून वाचवायलाही कुणाला जमत नाही, कारण बॅटरीला स्विच नसतो. पॅक खोलून सुटे मॉड्यूल करणं हे प्रशिक्षित माणसाचं काम आहे.

रात्री चार्जिंगला लावून झोपलं तर?

नाही. बिघाड बहुधा चार्ज होतानाच उघडा पडतो. दिवसा, घरात कुणीतरी जागं असताना. सोलर असेल तर हे आपोआपच जमतं. बॅटरीजवळ आणि लगतच्या खोलीत एकेक धुराचा अलार्म लावा.

बॅटरी फुगलीय, गोडसर वास येतोय. काय करू?

नेलपॉलिशसारखा गोडसर वास म्हणजे आतला द्रव बाहेर येतोय. चार्जर आणि लोड बंद करा, ते दूरच्या स्विचवरून जमत असेल तरच. पॅक थंड असेल, आवाज नसेल आणि एका माणसाला उचलता येत असेल तर मोकळ्या अंगणात सिमेंटवर नेऊन ठेवा, मुलं आणि कुत्री लांब. फुसफुस किंवा टकटक आवाज येत असेल, पांढरा धूर दिसत असेल, तर हात लावायची वेळ निघून गेली. तो धूर म्हणजे वाफ नव्हे. टाचणीने भोक पाडून ‘हवा काढणारे’ आहेत, त्यांच्या शेजारी उभे राहू नका.

आग लागलीच तर?

सगळे बाहेर, दारं ओढून घ्या, ११२ किंवा १०१ ला फोन, आणि पहिल्याच वाक्यात ‘लिथियम बॅटरी’ हे शब्द. किती मोठी, कुठे ठेवलेली, वर सोलर आहे का, हेही सांगा, कारण सोलरच्या पट्ट्या दिवसा वीज देतच राहतात.

ओलं पोतं टाकणं, वाळू टाकणं, या आपल्या हातच्या सवयी इथे पुरत नाहीत. आतली रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता तयार करते, हवा तोडल्याने ती थांबत नाही. आग विझवायचा पावडरचा एबीसी सिलेंडर वरच्या ज्वाळा दाबतो, शेजारचा पडदा किंवा लाकूड वाचवतो, सेल थंड करत नाही. थंड करतं ते पाणी, तेही भरपूर आणि बराच वेळ. स्कूटरच्या छोट्या पॅकवर वाऱ्याच्या पाठीशी राहून, लांबून नळीने पाणी मारता येतं, इन्व्हर्टरचा एसी पुरवठा तोडलेला असेल तर. बादली घेऊन जवळ जाऊ नका. धुराच्या बाजूला उभं राहायचं नाही, ‘बघून येतो’ म्हणून आत शिरायचं नाही. विझल्यावरही तासांनी, कधी दिवसांनी तीच बॅटरी पुन्हा पेटते, म्हणून ती घरापासून लांबच राहू द्या.

शेवटी टाकायची कुठे? भंगारवाला घेतो म्हणतो.

भंगारवाल्याला शिसं कळतं. लिथियमचा पॅक तो हातोड्याने फोडेल आणि आग त्याच्या दुकानाला लागेल. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम ऑगस्ट २०२२ मध्ये आले, त्यांनी २००१ चे जुने नियम बाजूला केले आणि इलेक्ट्रिक वाहनांच्या बॅटऱ्याही कक्षेत घेतल्या. वापरून झालेली बॅटरी गोळा करून तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. आपल्यावर एवढंच, की ती घरच्या कचऱ्यात मिसळायची नाही आणि संकलन, नूतनीकरण किंवा पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्यायची. आधी गाडीच्या अधिकृत डीलरकडे जा आणि घेतल्याची पावती मागा. ते टोलवाटोलवी करत असतील तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उपप्रादेशिक कार्यालयं सांगली आणि सातारा दोन्हीकडे आहेत, नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांची चौकशी तिथे करता येते.

हेच नियम विकत घेतानाही कामी येतात. जुन्या बॅटऱ्यांचं नूतनीकरण करणाऱ्याला राज्य प्रदूषण मंडळाची नोंदणी लागते. दुकानात गेल्यावर किंमत विचारायच्या आधी ते प्रमाणपत्र दाखवायला सांगा.

आमची ई-रिक्षाची लेड-ॲसिड बॅटरी आहे. तिलाही हे सगळं लागू?

सगळं नाही. ती लिथियमसारखी भडकत नाही, पण चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून मोकळी हवा तिलाही लागते. ॲसिड सांडतं, म्हणून खाली प्लास्टिकचा ट्रे. डिस्टिल्ड वॉटर वेळेवर घाला. आणि ती व लिथियम एकाच इन्व्हर्टरला समांतर जोडू नका; दोघींच्या चार्जिंगच्या मर्यादा वेगळ्या, एकीला जे मानवतं ते दुसरीला नाही.